न अडखळता वाचण्याची सवय – वृत्तनिवेदक होतानाचा माझा अनुभव

वृत्तवाहिनीत मी आले ती कॉपी लिहायला. रिपोर्टरने फोनवरून सांगितलेल्या चार वाक्यांची बातमी करायची, मथळा काढायचा, खालच्या पट्टीसाठी दोन ओळी द्यायच्या. हे काम मी तीन वर्षं केलं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून स्टुडिओच होता. दूरदर्शनवर प्रदीप भिडे बातम्या देत तेव्हा मी टीव्हीसमोर बसून त्यांच्यामागोमाग पुटपुटायची. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्यांना चेहरा मिळाला. चित्रपटांत नाव होण्याआधी स्मिता पाटीलही तिथे मराठी बातम्या वाचत. त्या पिढीचं वाचन आवाज न चढवता ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं. मला तसं वाचायचं होतं.

पहिल्या ऑडिशनला मी नापास झाले. पाच मिनिटांचं बुलेटिन वाचायचं, मग हातात फक्त एक ओळ देऊन त्यावर दोन मिनिटं बोलायचं, अशी ती चाचणी होती. वाचन बरं झालं असं मला वाटलं होतं. चाचणी घेणारे आमचे वरिष्ठ निर्माते म्हणाले, "तू अक्षरं वाचतेस, बातमी नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आणि सामन्याचा निकाल, दोन्ही एकाच सुरात वाचलेस." रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा ते खरं निघालं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझा आवाज सारखाच खाली पडत होता.

दुसऱ्या ऑडिशनपर्यंत आठ महिने गेले. त्यातले बरेचसे उच्चारांवर गेले. मराठी आपलीच भाषा आहे, त्यात शिकायचं काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. 'जग' हा शब्द घ्या. दुनिया या अर्थी त्यातला 'ज' तालव्य, म्हणजे 'ज्य'कडे झुकणारा, आणि 'जगणं'मधला दंततालव्य, म्हणजे 'द्झ'सारखा. 'चार' वेगळा, 'चारा' वेगळा. लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे बातमीची अक्षरं दाखवणारा प्रॉम्प्टर काहीच मदत करत नाही, अर्थ कळला तरच उच्चार बरोबर येतो. ण आणि न, ळ आणि ल यांवर मी सराव केला तो जोरात वाचून नव्हे, हळू वाचून. घाईत सगळ्यात आधी 'ण' सुटतो.

आकड्यांनी तर मला रडवलं. निवडणूक निकालाच्या दिवशी समोर ६७ येतो, लगेच ७६ येतो, मग ५९ आणि ६९. सदुसष्ट, शहात्तर, एकोणसाठ, एकोणसत्तर. आपल्या भाषेत एककाचा उच्चार आधी होतो, डोळ्याला दिसतो मात्र दशक आधी. डोळा आणि जीभ यांची ही उलटापालट सवयीनेच बसते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला, तेव्हा मी डेस्कवर त्याच बातमीची कॉपी लिहीत होते. मला जोडाक्षरी संख्याशब्द प्रिय आहेत आणि ते टिकावेत असं मनापासून वाटतं, पण मुलांना ते का जड जातात हेही मला तेव्हा नीट कळत होतं. मी रस्त्यावरून जाताना गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे दोन आकडे मोठ्याने म्हणायला लागले. चार-पाच महिन्यांत अडखळणं थांबलं.

दुसऱ्या ऑडिशनला घेतलं गेलं आणि मग खरी यंत्रांशी ओळख झाली. प्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्याच्या भिंगासमोर तिरकी बसवलेली काच. खाली ठेवलेल्या पडद्यावर अक्षरं उलटी दिसतात, ती काचेत सुलटी होऊन वाचणाऱ्याला दिसतात. मागच्या भिंगाला मात्र काचेतून फक्त माणूस दिसतो. म्हणून अँकर थेट प्रेक्षकाकडे बघून बोलतोय असं वाटतं. नवशिक्यांची एक चूक ठरलेली असते, ती मीही केली. अक्षरं वर सरकली की आपण पळायचं असं वाटतं, आपण पळतो, मग ऑपरेटर आपल्याला गाठायला वेग वाढवतो आणि दोन मिनिटांत दोघंही धापा टाकत असतात. आमच्या ऑपरेटरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ताई, तुम्ही माझ्या मागे येऊ नका. मी तुमच्या मागे येतो. तुम्ही थांबलात की मी थांबतो." त्या वाक्याचं मोल मला नंतर कळलं.

कानातलं टॉकबॅक त्याहून अवघड. आपण बोलत असतो आणि त्याच वेळी कंट्रोल रूममधून कानात आवाज येतो: पुढची बातमी रद्द, फोनोवर, म्हणजे थेट फोनवर, रिपोर्टर आहे, ब्रेकला दहा सेकंद, नऊ, आठ. ऐकलेलं चेहऱ्यावर दिसता कामा नये आणि बोलणं तुटता कामा नये. याचा सराव मी असा केला: एका कानात रेडिओवरच्या बातम्या लावायच्या आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा. शेवटी रेडिओवर काय सांगितलं ते लिहून काढायचं. आधी दोन शब्दही आठवत नसत. तीन महिन्यांनी निम्मं यायला लागलं.

कपडे, मेकअप यांबद्दल फार विचारतात, म्हणून एवढंच सांगते. मागे हिरवा क्रोमा, म्हणजे ज्याच्या जागी दुसरं चित्र दाखवतात तो पडदा, असेल तर अंगावर हिरवं चालत नाही, कारण तेवढा भाग पार्श्वभूमीत विरून जातो. बारीक रेघांचं किंवा बारीक चौकड्यांचं कापड पडद्यावर थरथरतं. बाकी सगळं दुय्यम आहे. घसा मात्र सांभाळावा लागतो. आवाज बसला की कुजबुजत बोलू नका, त्याने घशावर आणखी ताण येतो. गप्प राहणं हाच उपाय.

पहिलं बुलेटिन पहाटेचं मिळालं. नव्या अँकरला ते मिळतंच. सहाच्या बुलेटिनसाठी पहाटे साडेतीनला ऑफिसात. रात्रीत काय काय झालं ते वाचायचं, स्क्रिप्ट स्वतः एकदा नजरेखालून घालायची, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलने रेघा मारायच्या. प्रॉम्प्टर बंद पडलाच तर हातात कागद हवा, म्हणून प्रिंट घ्यायची. दीड वर्षात मी संध्याकाळच्या बुलेटिनपर्यंत पोचले. माझी ओळख झाली ती 'न अडखळणारी' म्हणून. कशीही कॉपी द्या, ती वाचून नेते, असं कंट्रोल रूममध्ये म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

आणि त्याच अभिमानाने घात केला.

एका बस अपघाताची बातमी चालू होती. मृतांची यादी हाती आली आहे, असं कानात सांगितलं गेलं आणि प्रॉम्प्टरवर नावं आली. घाईत दोन याद्या एकाखाली एक चिकटवल्या गेल्या होत्या, मृतांची आणि गंभीर जखमींची. मधलं 'जखमींची नावं अशी' हे वाक्य गळलं होतं. मला ते जाणवलं. चौथ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये एक मोकळी ओळ होती आणि ती का आहे, असा विचार क्षणभर मनात आलाही. पण मी थांबले नाही. सगळी नावं एकाच लयीत, स्वच्छ उच्चारांत, मृत म्हणून वाचली.

वीस मिनिटांनी न्यूजरूममध्ये फोन आला. पाचव्या नावाच्या माणसाचा भाऊ रुग्णालयात त्याच्याजवळच उभा होता. गावाकडे आईने टीव्हीवर बातमी ऐकली होती. आम्ही लगेच दुरुस्ती दिली, मी दिलगिरी वाचली, तीही न अडखळता. यादी कुणी चिकटवली याची चौकशी झाली. मला कुणी काही बोललं नाही, कारण मी तर समोर आलेलं वाचलं होतं. मला मात्र ती मोकळी ओळ दिसली होती. त्या आईला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

त्यानंतर मी जुनी फुटेज बघायला लागले. आवाजाच्या फेकीकडे आता लक्ष नव्हतं, ही माणसं कुठे थांबतात ते बघायचं होतं. २२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट होते. सुरुवातीला तर त्यांचा फक्त आवाज गेला, कारण तेव्हाचे कॅमेरे तापून तयार व्हायला वेळ लागायचा. मृत्यूच्या बातम्या त्यांच्यापर्यंत आधीच पोचल्या होत्या. त्यांनी त्या दडवल्या नाहीत, पण दरवेळी, याला अधिकृत दुजोरा नाही, असं स्पष्ट सांगितलं. दुजोऱ्याचा कागद हाती आल्यावर त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, चष्मा काढून घड्याळाकडे पाहिलं आणि काही क्षण त्यांना बोलता आलं नाही. मी ते क्षण पुन्हा पुन्हा बघितले.

आपल्याकडे ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी. तोवर परदेशी रेडिओमुळे लोकांना कळलेलं होतं. सलमाजींच्या संयत निवेदनाबद्दल मला आदर आहे, पण तो उशीर मला योग्य वाटत नाही. खात्री करण्यासाठी थांबणं आणि परवानगीसाठी थांबणं यात फरक आहे. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे त्या त्या क्षणी लोकांना सांगता येतं. क्रॉन्काइट यांनी तेच केलं.

मी स्वतःसाठी काही गोष्टी ठरवल्या. यादी आली की आधी कागदावर बघायची, मगच वाचायची. मृतांचा आकडा कुणी दिला ते त्याच वाक्यात सांगायचं. कायदा हाताशी ठेवायचा, कारण लाइव्हमध्ये कुणी पुस्तक उघडून देत नाही: लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ मनाई करतं, बालकांसाठी पॉक्सो कायद्यात वेगळं कलम आहे. फोनोवर रिपोर्टर बोलण्याच्या ओघात गावाचं, शाळेचं नाव घ्यायला लागला की त्याला मध्येच तोडणं हे अँकरचं काम. दहशतवादविरोधी कारवाई चालू असेल तर तिचं थेट प्रक्षेपण करायला २०१५ पासून केबल टीव्हीच्या नियमांत बंदी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातलं थेट प्रक्षेपण ज्यांनी पाहिलं, त्यांना त्याचं कारण समजावून सांगायची गरज नाही.

ठरवणं सोपं होतं. अंगवळणी पडलेली लय तोडायला वर्ष लागलं. जीभ आपोआप पुढे जायची. म्हणून मी सराव उलटा केला. सहकाऱ्याला सांगायची, माझ्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी एक चूक घाल आणि मला सांगू नकोस. वाचता वाचता ती पकडायची आणि तिथेच थांबायचं. पहिल्या दहा वेळांत मी सात चुका सहज वाचून गेले.

मागच्या पावसाळ्यात इमारत कोसळल्याची बातमी चालू होती. प्रॉम्प्टरवर एक वाक्य आलं, त्यात अडकलेल्यांचा आकडा होता, वरच्या ओळीतल्या आकड्याशी न जुळणारा. कानात 'पुढे, पुढे' चालू होतं. मी थांबले. बोलले, "अडकलेल्यांच्या संख्येबद्दल आमच्याकडे दोन वेगवेगळे आकडे आले आहेत. नेमका आकडा अजून समजलेला नाही. तो तपासून आम्ही तुम्हाला सांगतो." कानातला आवाज बंद झाला. समोर काचेतली अक्षरंही जागच्या जागी उभी होती. ऑपरेटर थांबला होता.

मग त्याने सावकाश पुढची बातमी वर आणली आणि मी वाचायला लागले.