‘जनरल चेकअप’

गाडी घेऊन चारच महिने झाले होते. देवरुखहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटाच्या चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लागे, गाडीची ओढ जाई आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करीत. दहा मिनिटे गाडी बंद ठेवली की सारे सुरळीत होई आणि सर्व्हिस सेंटरच्या दारात ती गुणी बाळासारखी उभी राही.

पुढे ग्राहक आयोगाकडे तक्रार करणे मला सोपे गेले. खरी दमछाक झाली ती जॉब कार्डापाशी, म्हणजे गाडीची तक्रार आणि केलेले काम नोंदवणाऱ्या सर्व्हिस सेंटरच्या कागदापाशी. चार वेळा गाडी नेली आणि पहिल्या तिन्ही कार्डांवर ‘जनरल चेकअप’ एवढेच छापून आले. म्हणजे कागदोपत्री माझ्या गाडीत दोष कधी नव्हताच! ‘काका, सपाटीवर चालवून पाहिली, काही नाही,’ असे काउंटरवरचा मुलगा दर वेळी सांगे. चौथ्या वेळी मी सही करण्यास नकार दिला. ‘सिस्टिममध्ये तेवढाच पर्याय आहे,’ असे म्हणून तो जेवायला गेला. मी मात्र दोन वाजेपर्यंत बाकावरून हललो नाही. तो परतल्यावर सहीच्या जागेवर मी स्वतःच्या अक्षरात ‘घाटाच्या चढावर ओढ जाते, इंजिनाचा दिवा लागतो, चौथी वेळ’ असे लिहिले, खाली किलोमीटरचा आकडा टाकला आणि त्यावर शिक्का मारून घेतला. हे शहाणपण पहिल्याच खेपेस सुचले असते, तर तीन हेलपाटे वाचले असते.

दिवा लागलेला असताना किलोमीटरसह फोटो काढावा, हेही मला उशिराच कळले. दिवा विझला तरी त्याचा कोड, म्हणजे बिघाडाची सांकेतिक नोंद, बहुधा गाडीच्या मेमरीत राहतो, म्हणून तो पुसण्यापूर्वी स्कॅन रिपोर्टची प्रत मागावी. वॉरंटी असेपर्यंत बाहेरच्या गॅरेजात काही उघडू मात्र देऊ नये.

विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर न आल्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली. या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते; वकील सक्तीचा नाही, आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क अवघे 400 रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते. दुरुस्ती, बदली गाडी किंवा पैसे परत, यांपैकी काहीही मागता येते. पण वाद तांत्रिक असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तेथे आपली बाजू कागदांवरच उभी राहते.

आयोगाची नोटीस पोहोचल्यावर कंपनीचा इंजिनिअर आला आणि स्कॅनर जोडून माझ्याबरोबर घाट चढला. तिसऱ्या वळणावर दिवा लागला, तेव्हा तो काही वेळ काहीच बोलला नाही. इंधनपंप बदलला गेला, वाढीव वॉरंटीची तडजोड लेखी झाली. आणि त्या दिवशीच्या जॉब कार्डावर, पाचव्या खेपेस, बदललेल्या भागाचे नाव छापून आले.