गोष्ट अर्धी, पुढची तुम्ही लिहा: चिनी शाळांमधला इंग्रजीचा सराव

चिनी मुलं इंग्रजी कशी शिकतात, असं मला भारतातून पुष्कळजण विचारतात आणि बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच देतात: घोकून. मी चीनमध्ये सुझोऊला राहते. इथल्या मुलांचे सरावाचे कागद रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे मला हे उत्तर अपुरं वाटतं. घोकंपट्टी आहे, भरपूर आहे. पण त्या कागदांवर काही प्रश्न असे आहेत की ते आपल्याकडच्या इंग्रजीच्या तासाला मिळाले तर मला मनापासून आनंद होईल.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी उच्च माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवडाभर शाळेच्या वसतिगृहात असते, सुट्टीला घरी येते आणि रविवारी दुपारी कागदांची चळत घेऊन माझ्याकडे उतरते. मी तिला इंग्रजीत मदत करते, ती मला चिनी शिकवते. इथल्या रीतीप्रमाणे ती मला मावशी म्हणते.

या सगळ्या सरावाचं टोक म्हणजे गाओकाओ, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. तिचा इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ असतो. एकूण ७५० गुणांपैकी इंग्रजीला १५०, म्हणजे चिनी भाषेइतके आणि गणिताइतकेच. आमच्या जिआंगसू प्रांतातली मुलं २०२१ पासून राष्ट्रीय पातळीवरची प्रश्नपत्रिका सोडवतात. तीत ऐकण्याला ३० गुण, वाचनाला ५०, भाषेच्या वापराला ३० आणि लेखनाला ४०. शाळेतला प्रत्येक सराव याच मापात कापलेला असतो.

आम्ही शाळेत होतो तेव्हा व्याकरणाचे प्रश्न सुट्या वाक्यांवर यायचे. प्रयोग बदला, काळ बदला, अप्रत्यक्ष कथन करा. वाक्य कुठून आलं, कोण कोणाला म्हणालं, याच्याशी काही देणंघेणं नसायचं. इथे या पेपरात सुटं वाक्य जवळजवळ नाहीच. व्याकरणाच्या १० गाळलेल्या जागासुद्धा एका सलग उताऱ्यात असतात. काही जागांपुढे कंसात मूळ शब्द दिलेला असतो, त्याचं योग्य रूप करायचं. काहींपुढे काहीच नसतं, तिथे उपपद, शब्दयोगी किंवा जोडणारा शब्द स्वतः शोधायचा. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि नामाला अनेकवचनाचं रूप सहसा नसतं, त्यामुळे ‘गोइंग’ की ‘वेंट’ हे ठरवायला त्या मुलांना पूर्ण उतारा मनात धरावा लागतो. काळाच्या बाबतीत आपली मुलं सुदैवी, मराठी क्रियापद मुळातच बदलत असतं. ‘अ’ आणि ‘द’ मात्र दोघांनाही सारखेच छळतात, कारण ते ना मराठीत आहेत ना चिनीत.

त्याहून मला आवडतो तो १५ जागांचा गोष्टीचा उतारा. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला, विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेला, पण चिनी शिक्षकांनी त्याला फार बारकाईने घडवलंय. प्रत्येक जागेला चार पर्याय आणि चारही बहुधा व्याकरणाने बरोबर. समजा, एका मुलाला बसथांब्यावर कुत्रं भेटतं आणि त्याने त्या कुत्र्याचं काय केलं ही जागा रिकामी आहे. पर्याय ‘फॉलोड’, ‘फेड’, ‘वॉश्ड’, ‘सोल्ड’. त्या ओळीपाशी थांबून उत्तर मिळत नाही. चार ओळी खाली वाडगं रिकामं झाल्याचा उल्लेख येतो, तेव्हा कळतं. घाईने पहिल्या वाक्यापासून खुणा करत सुटणारं मूल इथे हमखास अडकतं. आधी सगळं वाचायचं, मग मागे यायचं, ही सवय या एका प्रश्नाने लागते. ती पुढे कुठल्याही भाषेत कामाला येते.

आणखी एका प्रकारात उताऱ्यातली पाच वाक्यं काढलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात. दोन फसवी. कुठलं कुठे बसतं ते पाहायचं. यात तर्काचाच कस लागतो.

पत्रलेखनही आहे, साधारण ८० शब्दांचं, आणि तिथे ली हुआ भेटतो, प्रश्नपत्रिकांमधला एक काल्पनिक विद्यार्थी. चीनमध्ये हे नाव माहीत नाही असा विद्यार्थी नसेल. तो परदेशी मित्राला पत्र लिहितो, शाळेतल्या कार्यक्रमाला बोलावतो, सल्ला देतो, माफी मागतो, आणि त्याच्या वतीने सगळा देश लिहीत असतो. इथे मात्र साचा फार घट्ट झालाय. सुरुवात ठरलेली, ‘तुझ्या उत्तराची वाट पाहतोय’ हा शेवटही ठरलेला. यातून मुलांना पत्र लिहायला येतं असं मला वाटत नाही.

हस्ताक्षराचं वेगळंच. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन परीक्षकाच्या पडद्यावर जातात आणि चौकटीबाहेर लिहिलेलं धरलं जात नाही. त्यामुळे मुलं इंग्रजी अक्षरांचा कित्ता गिरवतात. हबेई प्रांतातल्या हंगश्वेई शहरातल्या प्रसिद्ध शाळेमुळे गोल, सुट्या, छापल्यासारख्या अक्षरांची एक पद्धतच देशभर पसरली आहे. शेजारच्या मुलीचं इंग्रजी अक्षर पाहून हा कागद छापून आलाय की काय, असं वाटतं.

आता सगळ्यात मोलाचा प्रश्न. २५ गुणांचा. एक गोष्ट दिलेली असते, तीनेकशे शब्दांची, आणि ती ऐन वळणावर थांबते. पुढच्या दोन परिच्छेदांचं फक्त पहिलं वाक्य दिलेलं असतं. बाकी साधारण १५० शब्दांत विद्यार्थ्याने पूर्ण करायचं. गाओकाओमध्ये हा प्रश्न पहिल्यांदा आला २०१६ मध्ये, झेजियांग प्रांतात, आणि मग बाकी ठिकाणी पसरला. त्यामागे ग्वांगदाँग प्रांतातले भाषाशास्त्रज्ञ वांग चुमिंग यांचा विचार आहे. माणूस दुसऱ्याच्या मजकुराला स्वतःचं काही जोडू लागतो तेव्हा त्या मजकुरातली भाषा नकळत उचलतो, असं ते मांडतात. मजकूर स्वतःचा, भाषा समोरच्या नमुन्यातून.

२०२४ च्या राष्ट्रीय पेपरातली गोष्ट व्हिएन्नाची होती. विमानाला उशीर झालेला, प्रागची बस पकडायची घाई, टॅक्सीत कार्ड चालत नाही आणि स्थानकातलं पैसे काढायचं यंत्र बंद. टॅक्सीवाला गुंटर बाहेर थांबलाय. पहिल्या परिच्छेदाचं दिलेलं वाक्य असं की मी धावत गुंटरकडे गेलो आणि त्याला वाईट बातमी सांगितली. दुसऱ्याचं, चार दिवसांनी व्हिएन्नाला परतल्यावर कबूल केल्याप्रमाणे मी त्याला फोन केला. मधलं सगळं मुलांनी भरायचं.

आमच्या मुलीने हा प्रश्न सोडवून आणला तेव्हा पहिल्या मसुद्यात डोळ्यांत अश्रू दाटले होते, काळीज धडधडत होतं, गळा भरून आला होता. अशी वाक्यं शिकवण्यांच्या यादीतून पाठ करवली जातात आणि ती कुठल्याही गोष्टीत चिकटवता येतात, कुत्रं हरवलं तरी आणि शर्यत जिंकली तरी. मी तिला विचारलं, “टॅक्सीवाला रात्रंदिवस प्रवासी पाहतो. समोरचा माणूस घामाघूम आहे, बस सुटायला आलीय. तो खरंच रडेल का? काय म्हणेल?” ती बराच वेळ पेनचं टोपण उघडत-लावत बसली. मग तिने लिहिलं, “‘गो,’ ही सेड. ‘द बस वोंट वेट.’” सात शब्द, सगळे पहिल्या इयत्तांमधले, आणि त्यांत तो माणूस उभा राहिला. दुसऱ्या परिच्छेदात तिने त्याच बसचा धागा पुन्हा पकडला. हे घोकून होत नाही.

उणीव मोठी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: बोलणं. आमच्या प्रांताच्या या १५० गुणांत बोलण्याला एकही गुण नाही. शांघायमध्ये ऐकण्या-बोलण्याच्या वेगळ्या चाचणीला १० गुण आहेत, ग्वांगदाँगमध्ये २०. जिथे गुण नाहीत तिथे वेळही नाही. सकाळच्या वाचनाच्या तासाला अख्खा वर्ग मोठ्याने इंग्रजी म्हणत असतो, प्रत्येकजण आपापलं, पण एकमेकांशी कुणी बोलत नाही. शेजारची मुलगी अवघड उतारे सहज वाचते आणि लिफ्टमध्ये परदेशी माणसाने साधी वेळ विचारली तर गप्प होते. त्यात तिचा दोष नाही. महाराष्ट्रात दहावीला ८० गुणांच्या लेखी परीक्षेसोबत २० गुण बाकीचे आहेत, त्यांत तोंडीही येते. ती मनापासून घेणाऱ्या शाळांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

साताऱ्याकडे शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने इथून काही पाठवशील का, असं विचारलं, तेव्हा मी तिला महागडी पुस्तकं सुचवली नाहीत. सुचवलं ते एवढंच: नववीच्या मुलांनी न वाचलेली एक छोटी इंग्रजी गोष्ट घे, पेच पडतो तिथे कात्री लाव, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं फळ्यावर लिही. मुलांना जोडीने बसव आणि लिहायच्या आधी दहा मिनिटं पुढे काय झालं असेल यावर इंग्रजीत बोलू दे, मोडकंतोडकं चालेल. पाठ केलेलं वाक्य आलं की त्याखाली रेघ मार आणि विचार, ‘हा माणूस खरंच असं म्हणेल का?’ गुण देऊ नकोस. पहिल्या महिन्यात तरी नाही.