बॅटरी नवी, सेल्फ ठीक, तरी गाडी सुरू होईना

आमची मारुती 800 कार्बोरेटरच्या काळातली. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. रत्नागिरीत घर समुद्राच्या बाजूला, त्यामुळे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस तिने वर्षानुवर्षं सोसलाय. गेल्या पावसाळ्यात तिला नवीनच दुखणं जडलं. सकाळी चावी फिरवली की पुढून एकच ‘टक्’ आवाज यायचा आणि पुढे सगळं शांत. दुपारी ऊन पडलं की तीच गाडी एका चावीत सुरू.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्पर, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या जाड वायरी, लावला की लगेच सुरू व्हायची. त्यावरून गॅरेजमध्ये निदान झालं की बॅटरी गेली. नवी बॅटरी बसली, थोडे दिवस बरे गेले, आणि पुन्हा ‘टक्’. मग सांगण्यात आलं की सेल्फच, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटरच गेलीय, बदलावी लागेल. बॅटरीचे पैसे घातलेच होते. आता सेल्फमध्ये पैसे घालण्याआधी करंट नेमका कुठे अडतोय ते मोजून बघायचं ठरवलं.

सुरुवात आवाजापासून केली. बॅटरी उतरलेली असली तर सेल्फ ‘कटकटकट’ असा भराभर वाजतो, कारण सेल्फचा सोलेनॉइड (करंट जोडणारा विजेचा चुंबकी स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो आणि परत ओढला जातो. आमचा आवाज तसा नव्हता, एकच टक् होता. दुसरी खूण हेडलाइटची. ते चालू ठेवून चावी मारायची. लाइट अगदी मंद झाले तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवर संशय घ्यायचा. आमचे लाइट जेमतेम हलले. म्हणजे बॅटरीत ताकद होती, पण सेल्फपर्यंत ती पोचत नव्हती.

मग मल्टीमीटर काढला, डीसी 20 व्होल्टवर ठेवला. गाडी बंद असताना बॅटरीवर 12.6, म्हणजे पूर्ण चार्ज. 12.2 च्या आसपास आली तर बॅटरी अर्धी रिकामी समजावी. पण हा आकडा बॅटरी निवांत असतानाचा. खरी परीक्षा सेल्फ फिरताना, कारण सेल्फ शंभरच्या घरात अँपिअर ओढतो आणि हेडलाइटचा एक बल्ब पाचच्या आत. पाच अँपिअर सुखाने वाहून नेणारी वायर शंभराला मान टाकू शकते. याच कारणाने वायर अखंड आहे का ते तपासताना मीटरच्या बीपवर विसंबू नये. तारेचा एक धागा शाबूत असला तरी बीप वाजतो.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, आणि स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची प्लसची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. चावीवर पुतण्याला बसवलं. “काका, मारू?” असं तो विचारायचा, मी प्रोब टेकवून ‘मार’ म्हणायचो.

सेल्फ मारताना बॅटरीवर 11.6. हे चांगलंच होतं, 9.6 च्या खाली गेलं असतं तर बॅटरीचा प्रश्न होता. मग एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खांबावर आणि दुसरा सेल्फच्या जाड बोल्टवर. इथे मीटर दाखवतो तो वाटेत वाया गेलेला व्होल्टेज. तो शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं, अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. आला 0.3. प्लसच्या बाजूवरचा संशय फिटला.

आता उलटी बाजू. एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर, दुसरा गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. “मार.” मीटर पाच व्होल्टच्या वर गेला! साडेअकरापैकी पाच व्होल्ट अर्थिंगमध्येच, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याच्या वाटेतच, खाल्ले जात होते, सेल्फ बिचारा उरलेल्यावर कण्हत होता. मायनसवरून बॉडीवर मोजलं तर तिथे जवळपास काही नाही. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, आणि बिघाड बॉडी ते इंजिन. त्याच वेळी क्लचच्या केबलला हात लागला तर ती कोमट लागली. इंजिनची अर्थ तुटली की करंट मिळेल त्या धातूने वाट काढतो, आणि क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापते. तुमच्या गाडीत सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली, तर बाकी सगळं सोडून आधी अर्थ बघा.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. आमची पट्टी वरून तेलकट, काळी, पण धडधाकट दिसत होती. दहाच्या पान्याने बोल्ट खोलून ती वाकवली तेव्हा आतून हिरवी भुकटी गळली आणि निम्मे धागे हातात आले. सकाळच्या ओलीत ती अगदीच निकामी व्हायची आणि उन्हात जरा सुकली की काम भागवायची.

जम्परने गाडी का सुरू व्हायची तेही इथेच उमगलं. जम्परचा शेवटचा काळा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर लावतात, ठिणगी बॅटरीपासून लांब राहावी म्हणून. पद्धत बरोबरच आहे. पण त्यामुळे ही कुजलेली पट्टी वळसा घालून टळत होती आणि दोष बॅटरीवर येत होता. खात्रीसाठी फक्त काळी जम्पर वायर आमच्याच बॅटरीच्या मायनसवरून इंजिनला लावली. सेल्फ खणखणीत फिरला.

नुसतं घासून भागणार नव्हतं. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून 25 स्क्वेअर एमएमची वायर दोन्ही टोकांना लग (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) दाबून घेतली, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईतो काढला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली आधी नाही, आवळल्यावर. आता तिथे 0.1 दाखवतो.

एक दुखणं अजून होतं. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. त्यासाठी मीटर 10 अँपिअरवर, मायनसची वायर आणि खांब यांच्यामध्ये. या जोडणीत सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. बंद गाडीने 50 मिलिअँपिअरच्या आत ओढावं, आमची 400 ओढत होती. म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास, आणि बॅटरी 35 ची. एकेक फ्यूज काढत गेलो, स्टिरिओचा काढला आणि आकडा पडला. सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरची चालू-बंदची वायर कुणीतरी थेट बॅटरीच्या लाइनला जोडली होती. ती स्टिरिओच्या निळ्या वायरला घेतली, जिच्यात स्टिरिओ चालू असतानाच करंट येतो.

शेवटी चार्जिंग तपासलं. इंजिन चालू असताना 14.2, हेडलाइट आणि वायपर लावून 13.7. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. सेल्फ तोच जुना आहे. त्याचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे, झिजणारे ब्रश) किती उरलेत ते अजून बघायचंय, गणपतीत पाहुण्यांच्या खेपा सुरू व्हायच्या आत तो खाली उतरवणार आहे.