नंदवाळची वारी आणि सगळ्यांना चालेल असा फराळ

आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते कोल्हापूरकर नंदवाळला चालत जातात. करवीर तालुक्यातलं हे गाव आम्हाला प्रति पंढरपूरच. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून निघायचं, सानेगुरुजी वसाहत मागं टाकायची, पुईखडीला रिंगण बघायचं आणि वाशीवरून नंदवाळ. अंतर दहा-बारा किलोमीटर, दम लागतो तो पुईखडीच्या चढाला. चालणं कुणालाही जमतं. शंभर माणसं एका पंगतीत बसवायची आणि एकालाही पत्रावळीवरून हात मागं घ्यावा लागू नये, हे मात्र शिकावं लागतं. आम्ही दिंडीतले चालणारे आणि फराळाचं बघणारेही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एकादशी सगळ्यांची एकच, पण उपवासाला काय चालतं ते घरागणिक बदलतं. कुणाकडं जिरं चालतं, कुणाकडं नाही. कोथिंबिरीचं तसंच. कुणी साधं मीठ घेतं, कुणाला सैंधवच लागतं. शिरोळ-हातकणंगले भागातले जैन सोबती असले तर बटाटा-रताळं बाद आणि दिवस मावळल्यावर जेवण बंद. त्यांतल्या काहींना शाबूही नको असतो, कारण तो कंदाचाच. म्हणून आमचा नियम असा: मोठं पातेलं सगळ्यात कडक पाळणाऱ्याच्या हिशेबानं शिजवायचं, बाकीचं वरून वाढायचं. बटाटा वेगळ्या कढईत परतायचा आणि त्याचा झाराही वेगळा ठेवायचा. गडबडीत तोच झारा खिचडीत बुडाला की सगळं घमेलं त्या माणसांच्या कामातून गेलं, म्हणून बटाटा वाढणारा माणूस दुसऱ्या कशालाच हात लावत नाही. “माऊली, ह्यात बटाटा हाय का?” असं कुणी विचारलं तर वाढप्यानं कपाळाला आठी न घालता खरं उत्तर द्यायचं. अंदाजानं ‘नाही’ म्हणणं सगळ्यात वाईट.

शंभर माणसांना सात किलो शाबू, साडेतीन किलो दाण्याचं कूट, पाऊण किलो तूप, चारशे ग्रॅम हिरवी मिरची. शाबू पांढरं पाणी जाईपर्यंत तीन-चार वेळा धुवायचा, निथळायचा आणि जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात रात्रभर ठेवायचा. दाणा बोटांत दाबला की मधे कच लागता कामा नये. आषाढातल्या दमट हवेत भिजलेला शाबू सुकत नाही, म्हणून तो अर्धा तास पंचावर पसरायचा आणि फोडणीआधीच कूट चोळून घ्यायचं. सुटलेलं पाणी कूट ओढून घेतं. सात किलो एका कढईत टाकला की तळचा करपतो, वरचा कच्चा राहतो, आणि ढवळत बसलं की लगदा होतो. एका वेळी दोन किलोच घ्या. खिचडी कधीही स्टीलच्या डब्यात गरम बंद करू नका. झाकणाची वाफ खाली गळते आणि नंदवाळला पोचेपर्यंत गोळा होतो. पंचा अंथरलेली बांबूची पाटी घ्या, वरूनही पंचाच टाका.

शाबू नको म्हणणाऱ्यांसाठी वरी: तीन किलो, कोरडी भाजून, अडीचपट उकळत्या पाण्यात. सोबत दाण्याची आमटी, आमसूल आणि गूळ घालून. आमटी एका उकळीवर उतरवायची, नाहीतर कूट फुटून तेल वर येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांची पानं आरतीची वाट न बघता आधी वाढायची. पांडुरंग त्यावर रागावत नाही.

2025 साली आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी, 6 जुलैला आली. कोल्हापुरात मोहरमचे पंजे (पीर) तालमींमध्ये बसतात, त्यांना मलिदा आणि चोंगे (गुळात मळलेल्या गव्हाच्या पोळ्या) हिंदू घरांतूनही जातात, आणि बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. अशा दिवशी वाटेत सरबत मिळालं तर साखरेचं सरबत उपवासाला चालतं, ते आनंदानं प्यावं. चोंगा गव्हाचा, तो एकादशीला चालत नाही. पण नाकारायचा नाही. दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा, कोरड्या फडक्यात बांधायचा. गुळात मळलेला असल्यानं द्वादशीला पारण्यात खाता येतो. देणाऱ्यालाही ‘उद्या खातो’ असं स्पष्ट सांगायचं. त्याला कारण पटतं, कारण उपवास त्याच्याही घरात असतात.

या शहराला एकत्र खाण्याची किंमत ठाऊक आहे. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. राजानं तो सगळ्यांदेखत घेतला, म्हणूनच त्याला अर्थ होता. दिंडीत वाढपी निवडताना आम्ही जात विचारत नाही. नखं कापलेली आहेत का, एवढंच बघतो. आणि ‘आमचं आम्ही वेगळं बसून खातो’ म्हणणाऱ्याला वेगळं पातेलं मिळेल, वेगळी पंगत मिळणार नाही.

पारण्याला भाकरी, झुणका आणि दुधीची भाजी. वांगं नको आणि आपली कांदा-लसूण चटणीही नको, कारण एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि बरेचजण कांदा-लसूण-वांगं सोडतात. झुणका बिनकांद्याचा करायचा. ज्याला चटणी हवी त्यानं पुडी आणावी, कुणी अडवत नाही.

उरलेली खिचडी संध्याकाळपर्यंत ठेवू नका, या हवेत आंबते. चारच्या आत रस्त्यावरच्या पोलिसांना, सफाई कामगारांना, रिक्षावाल्यांना वाटून टाका. बटाट्याची कढई शेवटी आणि वेगळ्या पाण्यात धुवा. पुढच्या वर्षी तिच्यावर खूण शोधावी लागू नये म्हणून कानाला लाल दोरा बांधून ठेवा.