पेटी झाका मालक, सुट्ट्या दावा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं सुतारकामाच्या हत्यारांचं दुकान आहे. पटाशी, किकरं, रंधा हे रोज खपतं. कोरीवकामाच्या गोल पटाश्या विचारणारा मात्र एखादाच. त्या दुपारी एक आजोबा कॉलेजातल्या नातीला घेऊन आले. नक्षीकाम तिला शिकायचं होतं. मी बारा नगांची पेटी उघडून पुढं सरकवली.

"पेटी झाका मालक. सुट्ट्या हाईत का?"

होत्या. मग त्यांनी नातीला पिशवीतला कागद काढायला लावला. देवघराच्या चौकटीची वेलबुट्टी, खऱ्या मापात काढलेली. कागद काउंटरवर पसरला आणि म्हातारा एकेक पटाशी उभी धरून तिची धार रेघेवर टेकवायला लागला. रेघेवर बसली तर डावीकडं, नाही तर मला परत. गर्दीच्या वेळी कुणी असं केलं असतं तर मी वैतागलो असतो, पण हे बघत राहावंसं वाटलं.

या पटाश्यांवर दोन आकडे असतात, एक बाकाचा आणि दुसरा मिलिमीटरमधल्या रुंदीचा. १ नंबर सपाट, ३ ला जेमतेम बाक, ९ म्हणजे जवळपास अर्धं वर्तुळ, ११ तर इंग्रजी यूसारखी खोल. एवढं मी गिऱ्हाइकाला घडाघडा सांगतो. पण ५ नंबरच ८ मिलिमीटरमध्ये लहान गोलाईचा आणि २० मध्ये मोठ्या गोलाईचा निघतो, हे नुसत्या आकड्यावरनं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. कागदावर ते लगेच दिसत होतं. पानाच्या बाहेरच्या कडेला ५ ची १२ मिलिमीटर बसली, आतल्या वळणांना त्याच नंबरची ८ मिलिमीटर. वेलीतल्या गोल फळांसाठी त्यांनी ९ नंबर उचलली, माझ्याकडनं शिवणीच्या लाकडाचा तुकडा मागून घेतला, एकदा दाबली, पलटी करून पुन्हा दाबली. गोल पूर्ण.

"आन् नक्षीमागची जमीन सपाट कराय ३ नंबर, रुंदातली," ते नातीला म्हणाले.

"आज्जा, घरातली पटाशी चालंल की त्याला."

"ती एका अंगानंच घासलेली असती पोरी. लाकडात आत शिरत जाती. शिवाय तिचं कोपरं रुततंय, जमिनीवर वरखडं उठत्यात."

बरोबरच होतं. कोरीवकामाची सपाट पटाशी म्हणूनच दोन्ही अंगांनी उतार दिलेली असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या पटाशीत. पानाच्या शिरा तिनंच निघतात. पहिली त्यांनी दारात नेऊन उजेडाकडं धरली आणि परत दिली, एक पंख जाड होता. दुसरीचं तळाचं टोक मधोमध नव्हतं. मी आतनं आणखी काढून आणल्या. व्हीचे दोन्ही पंख सारख्या जाडीचे नसले तर धार लावताना टोकाला एक तर नाक येतं नाही तर खाच पडते, आणि शिकाऊ माणसाला ते सुधारता येत नाही. अखेर ६ मिलिमीटरची एक पसंत पडली.

पाच झाल्या. मी अकरा नंबरची बारीक दाखवली.

"केसबिस कोराय लागली की मग. आत्ता त्या पैशाचा धार लावायचा दगड द्या."

दगड दोन घेतले, एक सपाट आणि एक गोल कडेचा, पटाशीच्या आतल्या बाजूसाठी. मशीनच्या दगडावर पटाशी धरायची नाही, तापून निळी पडली की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, हे नातीला दोनदा बजावलं. दगडानंतर धार घासायचं चामडं माझ्याकडं नव्हतं. "चप्पल लाईनीत तळव्याचा तुकडा मिळंल, फळीवर चिकटव," म्हणाले. कोल्हापुरी चपलेचं झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं धार चोपायला फार चांगलं.

"पण धार गेली हे कळायचं कसं?" पोरीनं विचारलं.

त्यांनी माझी वापरातली पटाशी उचलून धार तिच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली. "पांढरी रेघ चमकती का? तितं गेली. धार असली की काय दिसत नाही."

माझ्याच पटाशीवर रेघ लख्ख चमकत होती. मी बिल करायला घेतलं, तेवढ्यात एकाला बिजागऱ्या हव्या होत्या.