घरात एलईडीखाली मिरची : अडलं ते पाण्याच्या रिपोर्टवर

बंद खोलीत, एलईडीच्या उजेडात, कुंडीतल्या मातीवर मिरची घेणं अवघड नाही. दिवा, मिश्रण, टायमर आणि पंखा एकदा जमला की रोप वाढतं. लातूरकडं हे सगळं अडतं ते बोअरच्या पाण्यावर, आणि त्याहून जास्त त्या पाण्यात काय आहे हे कुणाकडून तरी नीट लिहून घेण्यावर. माझा सगळ्यात जास्त वेळ आणि संताप तिथंच गेला, म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो.

दिव्याच्या खोक्यावर "1000 वॅट" छापलेलं असलं तरी तो प्रत्यक्षात शंभरेक वॅटच खेचत असतो. प्लगला लावायचं वॅटमीटर घ्या आणि त्यावर येईल तोच आकडा खरा धरा. 60 सेंमी बाय 120 सेंमी जागेला खरे 150 वॅट पुरतात, पण दिवा एका वॅटला अडीच मायक्रोमोल (रोपाच्या कामी येणाऱ्या उजेडाचं माप) तरी देणारा हवा. पांढरा, 3000 ते 4000 केल्विनचा घ्या. जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा दिसत नाही आणि पुढचं सगळं निदान पानाच्या रंगावरच आहे. रोपांना 200 मायक्रोमोल आणि फुलोऱ्याला 400 लागतात. पांढऱ्या एलईडीखाली 400 म्हणजे साधारण 27,000 लक्स, साध्या लक्समीटरवर मोजता येतात. 16 तास दिवा लावला की दिवसाला 23 मोल उजेड होतो आणि मिरचीला तो भरपूर झाला. चोवीस तास लावू नका. अंतर 30 ते 45 सेंमी ठेवा. रोप लांबुडकं झालं तर दिवा खाली घ्या, शेंड्याची पानं पांढुरकी पडून कडा वर वळल्या तर वर न्या.

दिव्याची वेळ संध्याकाळी 6 ते सकाळी 10. उन्हाळ्यात पारा 42 वर असताना दुपारी दिव्याची उष्णता वर चढवली तर फुलं गळतात. टायमर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. चक्रीवाला साधा टायमर लाइट गेली की थांबतो आणि रोज तेवढा मागं पडत जातो.

शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, कडेनं भेग पडते आणि पाणी मुळांना न लागता त्या भेगेतून खाली निघून जातं. दहा लिटरच्या कुंडीला कोकोपीट चार भाग, गांडूळखत तीन, परलाइट दोन आणि गाळलेली तांबूस माती एक भाग घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. माती घेण्याआधी तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती सोडून द्या.

आता पाणी. रोपं महिनाभर हिरवीगार राहतात आणि मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. हा लोहाचा केवडा. मिश्रणात लोह असतं, पण सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. सामू चढवतं ते पाण्यातलं बायकार्बोनेट. म्हणून उपाय करायच्या आधी बायकार्बोनेटचा आकडा हाती असावा लागतो. हा एक आकडा मिळवायलाच सगळं घोडं अडलं.

पहिली अडचण फॉर्मची. माती-पाणी तपासणीच्या फॉर्मवर गट क्रमांक, क्षेत्र, हंगाम, मागील पीक असे रकाने असतात. खोलीतल्या कुंडीला गट क्रमांक कुठून आणायचा? सातबारा नाही म्हणून खिडकीवरून नमुना परत करतात, "शेतकरी आहात का" एवढंच विचारतात, आणि शुल्क भरून खाजगी नमुना देता येतो हे आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. ते विचारा. अर्जावर ठळक लिहा : "खाजगी सशुल्क नमुना, कुंडीतील मिश्रण". पाण्याचा अर्ज वेगळा भरा, त्यावर "सिंचनासाठी" असं लिहा आणि हव्या असलेल्या घटकांची नावं स्वतःच्या हातानं लिहा : सामू, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज), कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, क्लोराइड. हे लिहिलं नाही तर पिण्याच्या पाण्याची तपासणी होते. त्या रिपोर्टमध्ये टीडीएस आणि एकूण कठीणपणा येतो, खाली पिण्यास योग्य की अयोग्य एवढा शेरा असतो, आणि आपल्याला हवा तो आकडा नसतोच. मग पुन्हा नमुना, पुन्हा शुल्क, पुन्हा वाट बघणं. तोवर कुंडीतली पानं थांबत नाहीत.

दुसरी अडचण याहून वाईट, कारण ती रिपोर्ट हातात आल्यावर कळते. बायकार्बोनेट छापून येतं, सहा मिलिइक्विव्हॅलंट, आणि खाली शेरा : "सिंचनास योग्य". हे कसं होतं ते समजून घ्या. शेरा आरएससीवरून (उरलेलं सोडियम कार्बोनेट) दिलेला असतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की आरएससी निघते आणि ती 1.25 च्या खाली आली की पाणी सुरक्षित धरतात. आपल्याकडच्या कठीण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच इतकं असतं की वजाबाकी शून्याच्याही खाली जाते. सोडियमनं जमीन चोपण होईल का, या प्रश्नाला ते उत्तर बरोबर आहे. कुंडीचा प्रश्न तो नाही. सहा मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे एका लिटरला 300 मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार. रोज लिटरभर पाणी दिलं तर महिन्याला दहा लिटरच्या कुंडीत नऊ ग्रॅम चुनखडी आपण हातानं घालतो. हे कुणीतरी त्या शेऱ्याच्या शेजारी एका ओळीत लिहावं, एवढीच माझी मागणी आहे. आज कुंडीवाला माणूस "योग्य" वाचून निर्धास्त घरी जातो आणि खतं बदलत बसतो.

नमुना देताना बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोचवा. दोन दिवस घरात पडलेल्या पाण्याचा आकडा बदलतो. मिश्रणाचा नमुना अर्धा किलो, सावलीत वाळवलेला, लोखंडी खुरप्यानं न काढलेला, खताच्या पिशवीत न भरलेला द्या. मिश्रणाच्या रिपोर्टमधले किलो प्रति हेक्टरचे आकडे कुंडीला लागू पडत नाहीत, कारण ते जमिनीच्या 15 सेंमी थराचं वजन धरून काढलेले असतात आणि कोकोपीट त्यापेक्षा कितीतरी हलकं. सामू, ईसी आणि लोह एवढंच बघा. लोह किलोमागं साडेचार मिलिग्रॅमच्या वर असूनही केवडा दिसत असेल तर दोष सामूचाच.

रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात धरून बसायची गरज नाही. माशांच्या टाकीसाठी केएच, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेटच, तपासायचं किट मिळतं. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकत जायचं, रंग बदलला की थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला 17.8 मिलिग्रॅम चुनखडीइतकं. सतरा थेंब लागले तर तेच तीनशे. प्रयोगशाळेचा आकडा नंतर याच्याशी ताडून बघा, फार फरक पडत नाही.

तीनशेच्या पाण्याला दहा लिटरमागं 3 ते 3.5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला, ढवळा, अर्ध्या तासानं सामू मोजा. 6 ते 6.5 हवा. सगळं बायकार्बोनेट मारू नका. थोडं राहिलं तर सामू एकदम कोसळत नाही. मातीतले जिवाणू सायट्रिक खाऊन टाकतात, म्हणून हे एकदा करून भागत नाही, दर पाण्याला करावं लागतं. बॅटरीचं ॲसिड वापरू नका. घरात आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी आणि बोअरचं पाणी अर्धं-अर्धं मिसळा, ॲसिड निम्मं लागतं. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कुंडीला कधीच नाही, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

विद्राव्य खत ॲसिड घातल्यानंतरच टाका. आधी 0:52:34 (स्फुरद-पालाशचं खत) टाकलं तर कठीण पाण्यात स्फुरद कॅल्शियमला धरून पांढरा गाळ होतो आणि खत बादलीच्या तळाशी राहतं.

पिवळ्या पडलेल्या रोपाला हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग नाही, चढ्या सामूत ती लगेच अडकते. चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं, म्हणून न अडकणारं) घेताना पुडीवर धरणाऱ्या रेणूचं नाव वाचा. ईडीटीए साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीए साडेसातपर्यंत चालतं, त्यापुढं फक्त ईडीडीएचए. दुकानदार पहिलं देतो, कारण ते स्वस्त आणि खपतं तेच. ईडीडीएचए दहा लिटरच्या कुंडीला अर्धा ग्रॅम, पाण्यात विरघळवून मातीतच द्या. उजेडात ते मोडतं, म्हणून फवारू नका. पिवळी झालेली जुनी पानं बघत बसू नका, आठवड्या-दहा दिवसांत येणारं नवं पान हिरवं आलं की झालं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर तो नत्राचा प्रश्न, तिथं लोह देऊन काही होणार नाही.

दर तिसऱ्या-चौथ्या पाण्याला कुंडीखालून पाचवा हिस्सा निथळेल इतकं द्या, नाहीतर क्षार साठून पानांच्या कडा करपतात. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं निथळलेलं पाणी गटारात जाऊ देऊ नये. ते अंगणातल्या कडुनिंबाला घाला.

वर सांगायचं राहिलं : खोलीत वारा नसतो, त्यामुळं फूल येऊनही मिरची धरत नाही. पंखा मंद लावून ठेवा आणि दिवा बंद व्हायच्या आधी, सकाळी नऊच्या सुमारास, फांद्या हलक्या झटकत चला. पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. दोन्हीसाठी पानाची खालची बाजू भिंगातून बघा.