वीज आली आणि काम थांबलं

रात्रभर गडगडाट झाला आणि पहाटे वीज गेली. पावणेदहाला ती आली, तसे फोंड्याची मुख्य कचेरी, साखळी, शिरोडा आणि वाळपई मिळून पतसंस्थेचे सत्तरेक थिन क्लायंट, म्हणजे पीसीऐवजी टेबलावर ठेवलेले छोटे डबे, एकाच वेळी सुरू झाले. दहा वाजेपर्यंत सगळ्या शाखांचे फोन संगणक सांभाळणाऱ्या माझ्याकडे यायला लागले होते. प्रत्येकाची तक्रार एकच, नेटवर्क डाऊन आहे.

नेटवर्क धडधाकट होतं. सर्व्हरच्या प्रोसेसरवरही काही ताण नव्हता. स्टोरेजचा आलेख उघडला तेव्हा खरं काय ते दिसलं. एरवी पाच-दहा मिलिसेकंदांत उत्तर देणाऱ्या डिस्का आता आठशे मिलिसेकंद घेत होत्या. सगळी मशीनं एकदम सुरू होऊन डिस्कांवर उडणाऱ्या या झुंबडीला आमच्या धंद्यात बूट स्टॉर्म म्हणतात. टेबलावरचा डबा फक्त पडदा दाखवतो आणि बटणं पोचवतो. प्रत्येकाचं विंडोज फोंड्यातल्या सर्व्हरवर, स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आभासी संगणकात चालतं. विंडोज उठताना हजारो बारीकसारीक फायली वाचतं. फिरती हार्ड डिस्क अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभर-दोनशेच करू शकते, एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क हजारोंनी करते. पीसीत ती डिस्क एकट्या माणसाची असते, त्यामुळे निभावून जातं. इथे सत्तर विंडोज त्याच मोजक्या डिस्कांवर तुटून पडली, शिवाय प्रत्येकाचा अँटीव्हायरस उठल्याउठल्या अपडेट ओढत होता.

माझ्या कोटेशनमध्ये एसएसडी होत्या. संचालक मंडळाने नेमकी तीच ओळ कापली. टेबलावरच्या नव्या पडद्यांचे पैसे मात्र एका बैठकीत मंजूर झाले, कारण पडदे दिसतात.

लोक डबे पुन्हा पुन्हा बंद-चालू करत होते, त्याने आणखी भर पडत होती. लॉगिन अर्धवट तोडलं की पुन्हा पहिल्यापासून प्रोफाइल, म्हणजे त्या माणसाच्या सेटिंग आणि फायली, लोड होतं. शेवटी प्रत्येक शाखेला फोन करून सांगितलं, सगळे डबे बंद करा, मी सांगेन तेव्हाच चालू करा. अँटीव्हायरसचं अपडेट थांबवलं, मशीनं आठ-आठच्या गटाने उठवली, आधी कॅश काउंटर आणि मग बाकीची. बारा वाजले. तोवर पेन्शन काढायला आलेली म्हातारी माणसं बाकांवर बसून होती.

तरी पीसीकडे परत जा असं मी म्हणणार नाही. गोव्याच्या दमट हवेत पीसी सांभाळणं काय असतं ते मी केलंय. पंखा खारी हवा आत ओढतो, मदरबोर्डवर हिरवट थर चढतो, जून लागला की रॅम काढून खोडरबराने घासत बसायचं. त्यात विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमची बहुतेक जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती. शिवाय सगळ्यांचं काम एकाच सर्व्हरवर चालवण्याचा हा प्रकार नवाही नाही. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये बाजारात आणली. एकाच मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला स्वतःचं यंत्र असल्यासारखं वाटावं, हाच तिचा उद्देश. आयबीएमचा पीसी आला तो त्यानंतर, १९८१ मध्ये.

त्याच दुपारी वाळपईत एक डबा पूर्ण मेला, बहुधा विजेच्या झटक्याने. तिथल्या क्लार्क बाईंचं कर्जमंजुरीचं पत्र अर्धं टाइप झालेलं. फोनवर रडकुंडीला आल्या होत्या. "बाब, म्हजें पत्र गेलें मरे?" त्यांना शेजारच्या टेबलावर बसवून लॉगिन करायला लावलं. पत्र जिथे थांबलं होतं तिथेच उघडलं, कर्सर त्याच अर्ध्या शब्दावर लुकलुकत होता. त्यांनी आधी मेलेल्या डब्याकडे पाहिलं असणार, कारण थोड्या वेळाने विचारलं, "मग तें आशिल्लें खंय?" मी म्हटलं, फोंड्यात. "आनी फोंड्यांतलें बंद पडलें जाल्यार?"

सकाळी तेच तर घडलं होतं. पीसी बिघडला तर एक क्लार्क अडतो, बाकीचं काउंटर चालू राहतं. सगळं एका खोलीत नेलं की त्या खोलीवर पैसे खर्च करावेच लागतात. तिथे काटकसर करणाऱ्याला ही पद्धत मुळात कळलेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी व्यवस्थापकांना लेखी दिलं: एसएसडी घ्या, स्टोरेजला दुसरा कंट्रोलर (डिस्कांचा कारभार चालवणारा भाग) जोडा, वीज आल्यावर डबे आपोआप सुरू होण्याची सेटिंग काढायला परवानगी द्या. आणि प्रत्येक शाखेत एक साधा पीसी ठेवा, ज्यावर आदल्या रात्रीची शिल्लक यादी असेल, म्हणजे सर्व्हर बंद असला तरी म्हाताऱ्या माणसाला थोडी रक्कम हातावर ठेवता येईल. सेटिंगला लगेच होकार मिळाला. बाकीचं पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाले. त्या बैठकीला मला बोलवा, असंही मी त्याच कागदावर लिहून दिलंय.